वाचलं 'आई', म्हटलं 'याडी'

अभ्यासक : बाई, मंठ्याच्या बसस्थानकावर गाडी लागते, माणूस पाटीकडे नजर टाकतो आणि 'जालना' वाचून झालेलं असतं. वाचायचं असं त्यानं ठरवलेलं नसतं. साक्षर माणसाला ठरवूनही ते टाळता येत नाही. पाटी समोर आली की ती वाचली जातेच. मला या क्षणाचं विलक्षण कुतूहल आहे. डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही, उड्या घेत जातो. प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो, आणि स्वच्छ दिसतात ती फक्त थांब्याच्या आसपासची मोजकी अक्षरं. त्या पाव सेकंदात काळ्या रेघांचा शब्द होतो. कुठे होतो, हेही आता बऱ्यापैकी ठाऊक झालंय. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, मागच्या बाजूला, तळाशी एक लहानसा पट्टा आहे. लॉरां कोएन आणि स्तानिस्लास दहेन यांनी २००० साली त्याचं वर्णन केलं. शब्द नुसता कानावर पडला तर तो पट्टा फारसा जागा होत नाही. लिहिलेला दिसला की होतो. वाचणारा चिनी वाचत असो, अरबी वाचत असो की देवनागरी, पट्टा जवळपास त्याच जागी सापडतो. आता लिपीचं वय जेमतेम पाच हजार वर्षं. एवढ्याशा काळात निसर्गानं वाचनासाठी खास अवयव घडवणं शक्य नाही. म्हणजे वस्तू आणि चेहरे ओळखायला जो भाग होता, त्यातलाच एक तुकडा शिक्षणानं वाचनाकडे वळवला. तुम्ही फळ्यापुढे उभ्या राहून मुलांच्या मेंदूची घडण बदलता. इतकं मोठं काम दुसऱ्या कुठल्या पेशात होत असेल, असं मला वाटत नाही.

शिक्षिका : ऐकून बरं वाटतं सर. पण त्याच बसस्थानकावर तांड्यावरची म्हातारी येते. तिनं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तरी ती बरोबर गाडीत चढते. गाडीची वेळ, कंडक्टरची हाळी, पाटीवरच्या अक्षरांची ठेवण, आजूबाजूचे लोक कुठे निघालेत, एवढ्यावर तिचं भागतं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं अशीच वाचतात. चित्र बघून, माझ्या ओठांकडे बघून, शेजारचा काय म्हणतो ते ऐकून. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण मिळेल त्या खुणेवरून अर्थ लावणं ही अक्कलच आहे. तेव्हा माझा पहिला प्रश्न असा, की मेंदूतली जागा कळली, चांगलं झालं. पण मूल अडतं ते का अडतं, हे त्या जागेवरून कळतं का? आणि उद्या सकाळी वर्गात गेल्यावर मी काय वेगळं करू?

अभ्यासक : म्हातारीपासूनच सुरुवात करू. उटा फ्रिथ यांनी १९८५ मध्ये वाचायला शिकण्याचे टप्पे मांडले. त्यातला पहिला टप्पा हाच : शब्द हे एक चित्र, आणि त्यातली एखादी ठळक खूण लक्षात ठेवायची. पण मंठ्यात जालन्याचीही गाडी लागते आणि जिंतूरचीही. दोन्ही पाट्या 'ज'पासून सुरू होतात. खुणेवर चालणारा माणूस नेमका तिथे फसतो. अशी चित्रं पाच-पन्नास लक्षात राहतील, हजारो राहणार नाहीत. पुष्कळ वर्षं असं मानलं जाई, की पटाईत वाचणारा माणूस शब्दाच्या एकूण आकारावरून शब्द ओळखतो, सुटी अक्षरं बघत नाही. ते टिकलं नाही. डेनिस पेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं, की शब्दातली अक्षरं स्वतंत्रपणे ओळखू येत नसतील तर कितीही ओळखीचा शब्द वाचता येत नाही. आयुष्यभर वाचणारा माणूसही प्रत्येक अक्षराची दखल घेतो. फक्त ती सगळी एका दमात, शेजारीशेजारी घेतो. एकेक अक्षर लावत जाणाऱ्या पहिलीतल्या मुलात आणि तुमच्यामाझ्यात फरक आहे तो एवढाच. म्हणून उद्या सकाळचं माझं उत्तर : चित्र झाका आणि अक्षराकडे न्या.

शिक्षिका : मग तो निरोप खोटा म्हणायचा? शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही फिरवा, वाचता येतं. केंब्रिजला संशोधन झालंय. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे पडद्यावर दाखवून सांगितलं गेलं होतं, की मुलांना अक्षरं घोटायला लावू नका.

अभ्यासक : असं संशोधन केंब्रिजला झालेलं नव्हतं. तो निरोप २००३ मध्ये जगभर फिरला, आणि केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या मॅट डेव्हिस यांनी त्यातलं खरं-खोटं निवडून मांडलं. त्याच्या मुळाशी नॉटिंगहॅम विद्यापीठातला ग्रॅहम रॉलिन्सन यांचा १९७६ सालचा प्रबंध असावा. त्यातही दावा इतका सैल नाही. पण आपण तो मराठीवरच तपासू. 'परतूर' घ्या. पहिलं-शेवटचं जागेवर ठेवून मधली फिरवा : 'पतूरर'. 'घनसावंगी'चं करा 'घसानवंगी'. मी आत्ता सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर वाचणारा अडखळलाच असता. 'अंबड'मध्ये फिरवायला मधलं एकच अक्षर आहे, आणि 'मंठा'मध्ये तेही नाही. इंग्रजी शब्द सुट्या अक्षरांची लांब माळ असतो. मराठी शब्द दोन-चार अक्षरांत संपतो, आणि प्रत्येक अक्षरात व्यंजन, स्वर, अनुस्वार सगळं एकत्र बसलेलं असतं. इथे अक्षर हललं की शब्दच गेला.

शिक्षिका : तुम्ही माझंच म्हणणं मांडताय. अक्षर वेगळं, त्याची बांधणी वेगळी, मग इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर झालेले प्रयोग माझ्या वर्गाला कसे लागू करता? आमच्याकडे व्यंजनं चौतीस आणि प्रत्येकाची बारा रूपं. बाराखडीच चारशेच्या वर जाते. आता ॲ आणि ऑ धरून चौदाखडी म्हणायची. जोडाक्षरं आणखी वेगळी. काना उजवीकडे, मात्रा डोक्यावर, उकार पायाखाली, आणि पहिली वेलांटी चक्क अक्षराच्या आधी. मूल 'कि' लिहितं तेव्हा वेलांटी आधी दिसते आणि 'इ' नंतर उच्चारायची असते. रफाराचं उलटं : 'सूर्य'मधला 'र' आधी बोलायचा आणि तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डावीकडून उजवीकडे वाचा, असं मी सांगते आणि पहिल्याच आठवड्यात मला तो नियम मोडावा लागतो. याचा त्या पट्ट्याशी काय संबंध?

अभ्यासक : संबंध आहे, आणि तुमचं निरीक्षण प्रयोगातही उतरलेलं आहे. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर नेमकं हेच तपासलं. जिथे लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही, तिथे, म्हणजे पहिल्या वेलांटीच्या शब्दांत, वाचणारे मागे पडत होते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटानं हिंदी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्यांचे मेंदू स्कॅन केले. देवनागरी वाचताना डाव्या बाजूच्या नेहमीच्या भागांबरोबर उजव्या बाजूचे काही भागही कामाला लागलेले दिसले. वर-खाली, मागे-पुढे बसलेल्या खुणा एकत्र लावण्याचं जास्तीचं काम असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे पट्टा तोच, पण देवनागरी त्याला एकट्याला सोडत नाही. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांबद्दल दाखवलं, की आपल्यासारख्या लिप्यांत सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथी-पाचवी उजाडते. इंग्रजीची वर्ण ओळखण्याची मुदत आपल्या मुलांना लावणं अन्यायाचं आहे, हे मीही म्हणतो. पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी झालीच पाहिजे, हा आग्रह लिपीच्या स्वभावाविरुद्ध जातो.

शिक्षिका : हे तुम्ही एकदा आमच्याकडे तपासणीला येणाऱ्यांना सांगा. बरं, आणखी एक सांगा. काही मुलं तीन आणि सहा हे आकडे अदलाबदल करून लिहितात. ३ च्या जागी ६. पालक घाबरतात, आम्हीही कधी कधी 'या पोराचं काही खरं नाही' असं म्हणून मोकळे होतो.

अभ्यासक : इथे मात्र मेंदूविज्ञान थेट उपयोगी पडतं. निसर्गात वाघ डावीकडे तोंड करून उभा असो की उजवीकडे, तो वाघच. म्हणून प्राण्यांचा मेंदू आरशातली प्रतिमा आणि मूळ आकृती यांना एकच मानतो. वस्तू ओळखायला ते सोयीचं असतं. वाचनात हीच सवय आड येते. ३ आणि ६ ही जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. मुलाला काही कमी नाही. ते जन्मजात सवय मोडायला शिकतंय, आणि त्याला वेळ लागतो. ती मोडायला हाताची मदत होते, कारण डावी-उजवी बाजू डोळ्यापेक्षा हाताला पक्की कळते. आपल्याकडे धूळपाटीवर बोटानं अक्षर गिरवत. ती पद्धत सोडून आपण फार गमावलं, असं माझं स्पष्ट मत आहे. १८८७ मध्ये पॅरिसच्या जूल देजेरीन या डॉक्टरांकडे एक सुशिक्षित गृहस्थ आले. एका सकाळी अचानक त्यांना वाचता येईनासं झालं होतं. नजर शाबूत, बोलणं शाबूत, लिहिणंसुद्धा शाबूत. सांगितलेला मजकूर ते लिहून काढत आणि स्वतःच लिहिलेलं त्यांना वाचता येत नसे. पण अक्षराच्या वळणावरून बोट फिरवलं की अक्षर ओळखू येई. त्यांच्या मृत्यूनंतर, १८९२ मध्ये, देजेरीन यांनी मेंदूच्या डाव्या मागच्या भागातली इजा दाखवली. डोळ्यांची वाट बंद झाली होती, बोटाची चालू होती. आपल्या धूळपाटीवर मुलाला दोन्ही वाटा एकदम मिळत होत्या.

शिक्षिका : धूळपाटीचं मी मनापासून मान्य करते. मी स्वतः ताटात बारीक वाळू घेऊन गिरवून घेते. पण सर, आता मूळ मुद्द्यावर या. तुमच्या त्या गृहस्थांना सगळे शब्द आधीपासून येत होते. म्हणून बोटानं अक्षर लागलं की पुढचं आपोआप जुळत असणार. माझ्याकडे तांड्यावरून येणारं मूल घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं. आईला 'याडी' म्हणतं. भाकरी त्याच्यासाठी 'बाटी' आहे. ते पहिलीत येतं आणि पुस्तकातला पहिलाच ओळखीचा मानलेला शब्द असतो 'आई'. दोन अक्षरं, ना वेलांटी, ना मात्रा, वाचायला सगळ्यात सोपा. ते 'आ' म्हणतं, 'ई' म्हणतं, दोन्ही जोडतं, आणि माझ्या तोंडाकडे बघतं. त्याच्या डोक्यात दारावर थाप पडली, पण आत कोणी नाही. तुमच्या पट्ट्यानं त्याचं काम केलं, मान्य. तरी वाचन झालं का?

अभ्यासक : हा प्रश्न मी टाळणार नाही. पण एक प्रयोग सांगू द्या, कारण तो आपल्याच देवनागरीवर झालाय. लखनौजवळच्या खेड्यांतली कधी शाळेत न गेलेली माणसं, बहुतेक बायका, वय सरासरी तिशीचं. त्यांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवलं. आधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. २०१७ मध्ये मायकेल स्काइडे, उत्तम कुमार, फाल्क ह्यूटिग आणि इतरांनी ते प्रसिद्ध केलं. बदल फक्त वरच्या आवरणात नव्हता. नजर कुठे वळवायची हे ठरवणारे मेंदूच्या खोलातले, फार जुने भागही दृष्टीच्या भागांशी अधिक जुळवून चालू लागले होते. तिशी उलटलेल्या बाईचा मेंदू सहा महिन्यांत इतका हलतो, तर सहा वर्षांच्या मुलाबद्दल निराश व्हायला मला कारण दिसत नाही. आणखी एक. दहेन यांच्या गटानं २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांवरून म्हटलं होतं, की वाचन येतं तेव्हा त्या पट्ट्यातली चेहरे ओळखण्याची जागा थोडी आक्रसते. २०१९ मध्ये भारतातल्या खेड्यांतल्या लोकांवर तेच तपासलं, तेव्हा तसं काही हरवलेलं दिसलं नाही. हा वाद मिटलेला नाही. पण आपल्या लिपीतला, आपल्या खेड्यांतला पुरावा त्या वादाचं पारडं फिरवू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

शिक्षिका : पुरावा मोलाचा आहेच. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तर नाही. त्या बायकांना त्यांच्या कानावर रोज पडणारे शब्द वाचायला मिळाले. अक्षर जुळलं की आत शब्द तयार होता. माझ्या वर्गात उलट आहे. आणि हे फक्त तांड्याचंच नाही. मंठ्याच्या गावठाणातलं मराठी मूलसुद्धा 'पानी' म्हणतं आणि पुस्तकात 'पाणी' असतं. घरी 'व्हतं', पुस्तकात 'होतं'. तिथे निदान पूल जवळ आहे, उडी मारता येते. गोरमाटीच्या मुलाला नदी ओलांडायची आहे. आता दुसरी बाजू सांगते. काही महिन्यांनी तेच मूल 'आई' बघतं आणि मोठ्यानं 'याडी' म्हणतं. चित्र झाकलेलं असलं तरी. तपासणीच्या कागदावर मी काय लिहू? आवाजाच्या हिशोबानं चूक. माझ्या हिशोबानं त्या मुलानं पहिल्यांदाच शब्द वाचला.

अभ्यासक : चित्र खरोखर झाकलेलं होतं?

शिक्षिका : झाकलेलं होतं. फळ्यावर मी लिहिला होता, पुस्तक बंद होतं.

अभ्यासक : मग हे फार महत्त्वाचं आहे, आणि याचे दोन अर्थ निघतात. वाचनशास्त्रात दोन वाटा मानतात. एक अक्षरावरून आवाजाकडे आणि आवाजावरून अर्थाकडे. दुसरी लिहिलेल्या रूपावरून सरळ अर्थाकडे. सरावलेला माणूस ओळखीच्या शब्दाला दुसरी वाट धरतो, अनोळखी शब्दाला पहिली. तुमचं मूल 'आई' बघून अर्थाला पोचलं आणि अर्थापासून स्वतःच्या भाषेत उतरलं. ही दुसरी वाट असू शकते. किंवा त्यानं 'आई' हे एक चित्र म्हणून पाठ केलं असेल, म्हातारीनं जालन्याची पाटी केली तसं. कोणतं खरं, हे कळायला सोपी तपासणी आहे. त्यातलं 'आ' घेऊन 'आग' लिहा, 'आत' लिहा. त्यानं न पाहिलेले शब्द. 'ई' घेऊन 'दाई' लिहा. ते लावता आलं तर मुलाजवळ अक्षर आहे आणि अर्थही आहे. नाही आलं, तर तुम्ही आनंदात एका पाठ केलेल्या चित्राला वाचन म्हणताय. तुमच्या मायेबद्दल मला आदर आहे, पण ही फसगत महाग पडते. पहिलीत पाच-पन्नास चित्रांवर निभतं. तिसरीत शब्द शेकड्यांनी येतात, आणि मग मूल एकाएकी मागे पडल्यासारखं दिसतं. ते एकाएकी पडलेलं नसतं.

शिक्षिका : हे बोचलं, पण खरं असेल. तिसरीत येऊन अडणारी मुलं मी पाहिली आहेत. 'आग'ची तपासणी मी करीन. आता तुम्हीही एक ऐका. आमच्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत, कचेरीचे कागद उर्दूत. घरी मराठी बोलणारी जुनी माणसं उर्दू सफाईनं वाचत. आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. मीम, लाम, काफ एवढं लिहिलेलं असतं. ते 'मुल्क' आहे, 'मलिक' आहे, 'मलक' आहे की 'मिल्क', हे वाक्य आणि भाषा येत असेल त्यालाच कळतं. मोडीचं घ्या. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कारकुनाला मजकुराची चाल ठाऊक असे म्हणून वाचता येई. म्हणजे शब्द आधी, अक्षर त्याच्या आधारानं. आमच्याच मातीत दोन लिप्या हे सांगतायत, आणि तुम्ही मला अक्षर आधी म्हणून सांगता.

अभ्यासक : तुमचं उदाहरण उत्तम आहे, पण ते मोठ्या माणसाचं आहे. उर्दू शिकणाऱ्या लहान मुलाच्या पुस्तकात जेर, जबर, पेश या खुणा छापलेल्या असतात. आधी सगळे स्वर दाखवून शिकवतात, सराव झाला की खुणा काढून घेतात. म्हणजे स्वर न लिहिणारी लिपीसुद्धा नवशिक्याला आवाजाच्या वाटेनंच आत घेते. भाषा येत असल्यामुळे पुढे खुणांची गरज उरत नाही, एवढं तुमचं बरोबर. आणि देवनागरी तर नवशिक्याला ती मदत कायमची देते.

शिक्षिका : कायमची आणि पुरी देते, असं म्हणू नका. मराठी जशी बोलतो तशी लिहितो, हे आपण अभिमानानं सांगतो, पण वर्गात ते अर्धंच खरं ठरतं. 'जरा थांब'मधला 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाचा 'जरा' एकसारखेच लिहितात, उच्चार वेगळे. आकड्यातलं 'चार' आणि 'गुरांना चार'मधलं 'चार' यांचंही तसंच. 'घरचा' लिहिलेलं असतं आणि बोलायचं 'घर्चा'; कुठल्या अक्षरातला 'अ' गिळायचा, हे कुठे लिहिलेलं नाही. मराठी घरातल्या मुलाला ते सांगावं लागत नाही, कारण शब्द कानात आहे. तांड्यावरचं मूल 'घ-र-चा' असं सगळं ठोकून वाचतं, आणि आम्ही म्हणतो, याचं वाचन ओघवतं नाही. ओघ भाषेतून येतो सर. तुमच्या पट्ट्याला तो कुठून मिळणार?

अभ्यासक : 'जरा'च्या उदाहरणापुढे मी निरुत्तर आहे, तिथे अक्षरावरून आवाज ठरतच नाही, शब्द ओळखल्यावर आवाज ठरतो. पण म्हणून अक्षराची वाट सोडा, असं त्यातून निघत नाही. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. समजून वाचणं म्हणजे अक्षरावरून शब्द लावण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. यातलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तुम्ही एका शून्याकडे बोट दाखवताय, मी दुसऱ्याकडे.

शिक्षिका : मग मोजणी एकाच आकड्याची का होते? 'असर' पाहणीच्या चाचणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्यांवर मोठ्यानं वाचतं. सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेत तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असं लक्ष्य आहे. समजून वाचावं असं लिहिलेलं असतं, पण घड्याळ लागतं ते शब्दांना. घड्याळ लावलं की आम्ही शिक्षकही घड्याळासाठी शिकवतो. मूल खडखड वाचतं, वरचे लोक खूश होतात. मग मी विचारते, गोष्टीत काय झालं? ते गप्प.

अभ्यासक : घड्याळाची बाजू मला घेऊ द्या. शब्द लावण्यातच मुलाची सगळी शक्ती गेली, तर ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. शब्द आपोआप लागू लागले तरच मन अर्थाला मोकळं होतं. म्हणून वेग हा निदानाला उपयोगी आहे. आणि 'असर'सारख्या घराघरांत जाऊन केलेल्या साध्या चाचणीनंच देशाला जागं केलं. २०२४ च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी देशभरात २३.४ टक्के होती. २०२२ मध्ये ती १६.३ टक्के होती. चारातली तीन मुलं अजून त्या दाराबाहेर आहेत. ही सगळी काही गोरमाटी बोलणारी नाहीत. यातल्या बहुतेकांच्या घरी शाळेची भाषा किंवा तिच्या जवळची बोली असणार. तरी अडली आहेत. म्हणून मी म्हणतो, अक्षराचं शिकवणं आपल्याकडे अजूनही कच्चं आहे. एकसुरात बाराखडी म्हणवून घेणं म्हणजे अक्षर शिकवणं नव्हे. त्यात डोळा अक्षरावर नसतोच. ते पाठांतर असतं.

शिक्षिका : हे मी मान्य करते, आणि माझ्या सहकाऱ्यांनाही सांगीन. पण तुम्हीही एक मान्य करा. ज्या मुलाचं घड्याळ कमी दाखवतं, ते अक्षरात अडलंय की भाषेत, हे त्या एका आकड्यातून दिसत नाही. आणि उपाय दोन्हीकडे पूर्ण वेगळे आहेत. अक्षरात अडलेल्याला मी वाळूत गिरवायला बसवीन, 'आग-आत' करीन. भाषेत अडलेल्याला आणखी बाराखडी घोटायला लावली, तर त्याचं वर्ष वाया जाईल.

अभ्यासक : ते मी मान्य करतो. त्यासाठी स्कॅनची गरज नाही, दोन तोंडी प्रश्न पुरेत. जी गोष्ट मुलाला वाचायला दिली, तीच दुसऱ्या दिवशी त्याला वाचून दाखवायची. ऐकून कळली आणि वाचून कळली नाही, तर अडथळा अक्षरात. ऐकूनही कळली नाही, तर भाषेत. आणि गोरमाटीत सांगितल्यावर कळली, तर मुलाच्या समजेत काही उणं नाही, फक्त शाळेची भाषा त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. पण यापुढे माझं आणि तुमचं जुळत नाही. मी म्हणेन, भाषेत अडलेल्या मुलालाही अक्षरं आत्ताच द्या. गोरमाटी देवनागरीत लिहिता येते, तेव्हा 'याडी'च फळ्यावर लिहा आणि अक्षरं त्यातून शिकवा. पट्टा तयार व्हायला सराव लागतो, आणि तो सराव पुढे ढकलावा असं सांगणारा पुरावा माझ्यापाशी नाही.

शिक्षिका : 'याडी' मी उद्याच लिहीन. पण 'याडी'मधलं 'या' म्हणजे कान्याचं अक्षर, 'डी'ला दुसरी वेलांटी. तुमच्या सोप्याकडून अवघडाकडे या क्रमात ते पहिल्या दिवशी बसत नाही, आणि पुस्तकाच्या क्रमात तर मुळीच नाही. शिवाय पुस्तक मराठीत, परीक्षा मराठीत. मी पहिले दोन महिने मराठी बोलण्या-ऐकण्याला द्यावेत, गोष्टी सांगाव्यात, गाणी म्हणावीत, असं मला अजूनही वाटतं. शब्द कानात गेला तर अक्षराला तो सापडेल.

अभ्यासक : दोन महिने दिलेत, तर अक्षराला किती उरतात?

शिक्षिका : खरी अडचण तीच आहे. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. दिवाळी झाली की मुकादम येतो, उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि लेकरं त्यांच्याबरोबर जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी नाही. गेलेली परत येतात ती मार्च-एप्रिलात. म्हणजे अक्षर, भाषा, वाळू, गोष्टी, तुमचा पट्टा आणि माझी 'याडी', सगळ्याला मिळून जून ते दिवाळी एवढाच वेळ आहे. त्यात आधी काय, हे मला कोणीतरी तांड्यावरच्या मुलांसोबत बसून, त्यांच्या भाषेत तपासून सांगायला हवं. लखनौला झालं, मानेसरला झालं. आता मंठ्यात करा.